सव्वा सूत

चाळीस मिनिटं यंत्राला नुसतं फिरू द्यायचं.
लगेच विचारायचं नाही काही.
थंडीतून घरात आलेल्या माणसाकडे
आपण दारातच हिशेब मागत नाही, तसं.

राग्नी हातमोजे काढत नाही.
फ्योर्डवरचा वारा उणे चार,
हवेचा दाब नऊशे एकोणऐंशी.
दोन्ही आकडे ती यंत्राला सांगते,
कारण प्रकाशसुद्धा हवा बघून चालतो.

समोर काँक्रीटचे तीन खांब, कमरेएवढे.
प्रत्येकाच्या डोक्यावर एक पांढरा गोळा,
अंड्याच्या कवचासारखा मंद.
चकचकीत गोळा चालत नाही इथे;
चकाकीवरून किरण घसरतो,
काळ्यात बुडाला की वर येत नाही.
त्याला हवं काहीतरी साधं, खरबरीत,
पडलेला उजेड सगळ्यांना सारखा वाटणारं.

काल ह्याच यंत्रानं सांगितलं :
डोंगर अकरा मिलिमीटर पुढे आलाय.

अकरा मिलिमीटर.
करंगळीच्या नखाची रुंदी.
एवढ्यावर खालची एकोणीस घरं रिकामी करायची,
शाळेची बस मागवायची,
म्हाताऱ्या ओद्वैगला
ऑक्सिजनच्या नळकांड्यासकट उचलायचं.
गेल्या वर्षी तीनदा उचललं.
तिसऱ्यांदा ती म्हणाली,
डोंगर पडेल तो एकदाच पडेल,
तुम्ही मला दर ऋतूला पाडता.

म्हणून आधी हे.
आधी आपल्याच डोळ्यात काही गेलंय का, ते बघणं.

एक फेरी.
मग यंत्राची मान उलटी करून दुसरी.
तेच गोळे, तीच केंद्रं. डोळा सरळ आहे.
पहिला ते दुसरा खांब : दाखल्यात आहे तितकंच.
दुसरा ते तिसरा : चार मिलिमीटर जास्त.
पुन्हा.
चार.
पुन्हा. तार्यै शेकोटीसारखा लॅपटॉपवर हात धरून उभा.
चार.

यंत्रच बिघडलंय, तो म्हणतो. दुसरं मागवू.
बिघडलं असतं, ती म्हणते,
तर पहिल्या अंतरातही खोटं बोललं असतं.

तिसऱ्या खांबापाशी ती गुडघे टेकते.
बुडाशी पाणी गोठून माती फुगलीय,
आणि खांब, ज्याला सगळे स्थिर म्हणत आले,
एका बाजूला कललाय.
ओळंबा सोडून बघते.
चार मिलिमीटर.
आपल्याकडच्या सुताराच्या भाषेत सव्वा सूत.

ज्याच्या भरवशावर डोंगर मोजला
तोच जागचा हलला होता.
आता भरवसा कशावर मोजायचा, हे
तिच्या प्रशिक्षणाच्या वहीत नव्हतं.

संध्याकाळ दुपारीच होते इथे.
सगळी गणितं नव्यानं मांडून
ती आधी कार्यालयाला कळवते, मग
तिला कुणी सांगितलेलं नसताना, ओद्वैगला.

किती?
सात.
काल अकरा होते ना? मग मागे गेला?
नाही. काल मी चार जास्त पाहिले.

फोनमध्ये नळीची बारीक शीळ.
राग्नीला वाटतं, आता ती चिडेल, किंवा हसेल.

मग केक भट्टीत राहू दे?

राग्नी वर बघते. अंधारात डोंगर दिसत नाही,
फक्त तिथे चांदण्या नाहीत, इतकंच कळतं.

राहू दे.
पण बूट दाराशी ठेव.