चौकोनातला ळ

मगदूम आणि मंडळी, मार्केट यार्ड, सांगली.
महापुरात माळ्यावर चढवून वाचवलेला कॉम्प्युटर
यंदा दिवाळीनंतर उंदरांनी संपवला.
आतली डिस्क तेवढी शाबूत.
भूपालअण्णा म्हणाले, नवं मशीन आण,
ते फुकटातलं लिनक्स का काय ते घाल,
पण पट्टी जुन्याच प्रोग्रॅममधून निघायला पाहिजे.
उपाध्ये दिवाणजी दुसऱ्या पडद्याला हात लावणार नाहीत.

प्रोग्रॅम डॉसचा, ब्याण्णव सालचा.
लिहिणारे कुणी शिराळकर,
आता पहिल्या पडद्यावर तेवढे उरलेले:
चूक आढळल्यास कळवावे, आणि पाच आकडी फोन.
मी लावून पाहिला नाही.

तो हाक मारतो ज्याच्या नावानं
त्या नावाचं या घरात कुणी राहत नाही.
मग मधे कुणीतरी बसवावं लागतं.
ते काम यार्डात जुनंच आहे.
हळदीच्या राशीपाशी रुमालाखाली हात घालून
बोटं दाबून भाव सांगतात, तसं:
इकडचं बोट तिकडे,
वरून बघणाऱ्याला नुसता रुमाल हललेला दिसतो.

संध्याकाळी त्यानं फ्लॉपी मागितली.
एका फोल्डरचं नाव ए ठेवून मी पुढे केला.
दिवसभराचा हिशेब त्यानं
बिनघोर त्यात ठेवला.
मी खोटं बोलले का, अजून ठरत नाही.

आधी तर सुसाट सुटला होता.
तोलाई, हमाली, आडत, सगळं येऊन गेलं
आणि दिवाणजींचा चष्मा कपाळावरच.
नव्या यंत्राचा वेग आवळत आवळत आणला
एका बोटानं कळ शोधणाऱ्या माणसापर्यंत.
'हां,' म्हणाले, 'हा आमचा.'

आम्ही जतच्या पुढचे, उमदीकडचे. आई कन्नड.
सातवीत उज्ज्वला यमगर पहिल्यांदा घरी आली,
पायरीवर बसून राहिली.
आईनं दारातून विचारलं, 'ऊटा आत?'
म्हणजे, जेवण झालं का.
तिनं ऐकलं, उठा, आत.
ती उठली, आत आली,
आणि आत आलेल्या पोरीला आईनं
भाकरी आणि शेंगाचटणी वाढली.
मधे काही चुकलं होतं
हे दोघींनाही कधी कळलं नाही.
मी चुलीपाशी गप्प.
मला दोन्ही येत होतं.

अक्षरांनी मात्र अडवलं.
मराठीसाठी जुन्या मशीनात वेगळं कार्ड असायचं,
ते हिरवं गंजलेलं.
त्याच्याशिवाय पडद्यावर नुसते त्रिकोण आणि मुंग्या.
तीन रात्री एकेका खुणेला एकेक अक्षर बांधत बसले.
क बसला. ज्ञसुद्धा बसला.
ळ बसेना.
ह□द. ह□कुंड.
मगदूम आणि मंड□ी.
माझ्या दोन्ही भाषांत जो आहे
नेमका तोच.

शनिवारी पहिली पट्टी छापली,
तासगावच्या का□े यांच्या नावानं.
म्हटलं, दोन दिवस द्या, सापडेल.
दिवाणजींनी खिशातलं निळं पेन काढलं,
कागद मांडीवर घेतला
आणि चौकोनाचौकोनात ळ भरत गेले,
गाठ मारल्यासारखा, शाळेत शिकवलेला.
'दिवसाला किती पट्ट्या असतात? साठ, सत्तर.
तेवढं येतंय मला.'

काळे पट्टी घेऊन गेले.
नावात दोन रंगांची शाई.
त्यांनी फक्त रक्कम पाहिली.