पोचा

अकरा वर्षं शेवग्याखाली उभी होती मॅटाडोर.
क्रेन आली तेव्हा सहकारनगरची अर्धी गल्ली गॅलरीत,
आणि खर्शीकर म्हणाले, "शेवटी भंगारात?"
"नाही, दुरुस्तीला."
"बरं," म्हणाले. पुणेरी बरं,
त्यात सगळं येतं.

चाकं फिरेनात. कोपऱ्यापर्यंत
डांबरावर काळ्या रेघा ओढत गेली,
मग पुढून उचलली. अप्पांनी शिवलेला पडदा
खिडकीबाहेर फडफडत होता, स्वारगेटच्या सिग्नललासुद्धा.

भोसरीत शब्बीर तांबोळींनी
आधी हात लावला नाही. वास घेतला.
"उंदीर. आणि रॉकेल. स्टोव्ह होता आत?"
होता. दिवेआगरला त्यावर
आईने भर वाऱ्यात पिठलं केलं होतं.

त्यांच्या मुलीने, सनोबरने, फ्यूजच्या डबीमागे
नखाने रंग खरवडला: पांढरा, त्याखाली राखी,
त्याखाली कच्च्या कैरीचा हिरवा.
"हा मूळचा."
मला आठवेना. मी तर जन्मभर
पांढऱ्या गाडीवाल्यांची मुलगी.

बाकाखाली मूठभर वाळू,
एक यू-पिन.

डाव्या दाराला पोचा. वरंध घाटात
आई पहिल्यांदा चालवायला बसली, त्या दिवसाचा.
अप्पा एक शब्द बोलले नाहीत,
तेच तिला लागलं.
"काढायचा ना?"
"काढा," मी म्हटलं. दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती.

रात्री साडेअकराला फोन केला.
तांबोळी जागेच होते.
"हातोडी लावलीच नाही अजून," म्हणाले,
"लोक करतात फोन."