अमावस्येला मोंढा बंद

अमावस्येला वसमतच्या मोंढ्यात
सौदे होत नाहीत.
हमाल उशिरापर्यंत निजतात
आणि शादुलभाई काटे तपासायला येतो.

वजनं ओळीनं काढून ठेवतो,
पारड्यांतली हळद फडक्यानं पुसतो,
मग मागं सरकून उकिडवा बसतो.
दोन रिकामी पारडी, मधली सुई ताठ,
श्वाससुद्धा जपून सोडायचा.
"आत्ता कसा बरोबर हाय," म्हणतो.

मी मुनीम. जन्मभर बेरजा.
त्या सुईकडं पाहिलं की मला
जुनंच काहीतरी सुचतं,
ज्यावर शाळेत पट्टी खाल्ली होती
आणि कीर्तनकार नुसतेच हसले होते:
ज्याला काही कमीच नव्हतं
त्यानं हे सगळं कामून केलं?
ही हळद, हळदीतला भुंगा,
क्विंटलमागं दीड किलो कटती,
माझी पहिली मुलगी, अकरा दिवसांची.

त्याचा काटा तर असाच होता ना, शादुलभाई,
रिकामा आन् बरोबर?
मग पहिला दाणा कशाला टाकला?
लीला म्हणतात लोक.
म्हणू द्या.
मी बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेला माणूस आहे.

तो उत्तर देत नाही.
पाच किलोचं वजन उलटं करून
माझ्यापुढं धरतो.
तळाला एक भोक,
भोकात शिसं, शिशावर सरकारी छाप.
"नवा कोरा आया तो भी सुराख रहताच.
बिगर सुराख का पास नै होता."
कायकू?
"घिसनाइच है उसकू.
हात लगेंगे, गिरेंगा, घिसेंगा.
भरने कू जगा होना."

म्हणजे देवालाबी...
"मैं वजन का बोलरा, मुनीमजी."

आणि बिडी पेटवायला ओट्यावर गेला.

मी अंगठा शिशावर ठेवला.
गार. जरासं आत दबलेलं.
कुणाच्या तरी हातानं ठोकलेलं.
मग, का कोण जाणे,
हळकुंडाचा एक तुकडा उचलून
पारड्यात टाकला.
सुई हलली.
इतका वेळ मला वाटत होतं
ती उभी आहे.
ती तर टांगलेली होती, नुसती.

त्यानं दोनशे मागितले, मी दीडशे दिले.
वहीत लिहिलं: काटा तपासला.
पुढं "बरोबर" लिहायचं असतं.
तिथं पेन थोडं थांबलं.

उद्या पहाटेच गाड्या लागतील,
आणि पहिल्या पोत्यापासून
तो चुकायला लागेल.