पिवळी बोटं

सांगलीच्या मार्केट यार्डात माझं काम हळकुंड मोडायचं.
पोत्याची शिवण उसवून एक उचलायचं, कट्टकन मोडायचं,
आतला रंग व्यापाऱ्याला दाखवायचा.
सतरा वर्षं झाली. बोटांचा पिवळेपणा
साबणाला दाद देत नाही.

जुने अडते रुमालाखाली हात घालून
बोटं दाबत भाव ठरवायचे,
वर चेहरा असा, की चहाची वाट बघतायत.
म्हणून नदाफांच्या इम्तियाजनं
गोडाऊनच्या मागच्या खोलीत पोकर मांडला
तेव्हा मला तो नवा वाटला नाही.
दोन पानं हातात, पाच मधे,
बाकी सगळं रुमालाखाली.

माझे पाचशे होते. बिस्किटाच्या डब्यात,
भाड्यापासून, पोरीच्या फीपासून लांब.
एका बैठकीला पंचवीस. गेले की उठायचं.
म्हणजे वीस वेळा मरायची सोय.
किरण आवटी हसला, "मर्दा, पंचवीसनं काय होतंय?
टाक की सगळे एकदम!"
त्यानं टाकले. दोन एक्के होते त्याच्याकडे,
आणि समोर एक फाटकी सत्ती-अठ्ठी,
जिला शेवटच्या पानानं हात दिला.
पी हळद अन् हो गोरी.

मी वही घातली. तारीख, किती नेले, किती आणले,
आणि शेवटच्या रकान्यात: का.
'चिडून खेळलो.'
'झोप येत होती.'
'बरोबर खेळलो, तरी हरलो.'
हे तिसरं लिहायला शिकेपर्यंत
अर्धी वही संपली.

आयर्विन पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेत.
आमच्या गल्लीत चाळिसाची वाट कुणी बघत नाही.
पस्तिसाला गॅसची टाकी माळ्यावर, छत्तिसाला कागदपत्रं,
अडतिसाला आम्ही.
नदीवर राग धरून चालत नाही, ती चढतेच.
डब्याच्या आतून खिळ्यानं एक रेघ मारली: तीनशे.
भाद्रपदात सलग नऊ बैठका गेल्या,
रेघ उघडी पडली,
आणि मी हमालांच्या पोरांत जाऊन बसलो, दहा-दहाच्या खेळात.
"काका, शेंगदाण्यावर खेळायचं का?"
खेळलो असतो.

चौदाव्या महिन्यात डब्यात चार हजार एकशे ऐंशी.
तेव्हा ते दिसलं.

पानांच्या पाठीवर हळद.
एक्का मी जरा घट्ट धरत होतो, राजा कडेला.
इम्तियाजच्या हातातला बदामचा एक्का
मला पाठीकडून ओळखू येत होता.
किती दिवसांपासून?
घरी येऊन वही चाळली. जिंकलेल्या बैठका काढल्या.
प्रत्येक 'का'समोर माझंच अक्षर:
बरोबर खेळलो.

दुसऱ्या दिवशी दोन नवे कॅट आणले, प्लॅस्टिकचे.
पाचशे साठ, डब्यातून.
पंचवीसच्या हिशेबानं बावीस बैठका.
खोलीत सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून.
इम्तियाज बराच वेळ पत्ते पिसत राहिला.
मग म्हणाला, "आम्हाला पण दिसायचं की रे.
तुझ्या हातात पिवळं आलं की आम्ही पानं टाकायचो."

आता यात मी कुणाचं किती खाल्लं
आणि माझं किती बुडालं,
हा हिशेब कुठल्या रकान्यात बसतो?

वही सुनंदाला सापडली. ती गल्लीची भिशी चालवते,
आकड्यांना घाबरत नाही.
पहिल्या पानापासून वाचली, बोट ठेवून.
ओरडली नाही. एवढंच म्हणाली,
"घरखर्च कधी असा लिहिला नाहीस."

मी बैठकीआधी आता लिंबू चोळतो.
रंग जात नाही.
नवी पानं पिवळी व्हायला सहा आठवडे लागतात,
मग पुन्हा नवी.
त्यासाठी वहीत वेगळा रकाना आखलाय,
वर शीर्षक सुनंदाच्या अक्षरात:
हळद.