यादीत पाच नावं

टीव्हीखालच्या कप्प्यातून काढला तेव्हा
त्याच्या पाठीवर वूच शहराची धूळ होती.
सूतगिरण्या बंद पडून तीस वर्षं झाली,
तरी इथली धूळ अजून बोटाला कापसासारखी लागते.
टिमेक नॉर्वेला जाताना म्हणाला होता, विकून टाक.
नाही विकला. का, ते विचारू नका.

आज मला ट्राम डेपोत सुट्टी. बाहेर उणे नऊ.
म्हटलं, बघू तरी, वायफायला जोडला जातो का.
चालू केल्या केल्या त्यानं सांगितलं:
एक जानेवारी, सन दोन हजार, रात्रीचे बारा.
चहा ओतेपर्यंत बारा वाजून चार मिनिटं.
म्हणजे मी चौतीसची,
टिमेकचा पुढचा दात नुकताच पडलेला.
खोटं बोलत नव्हता बिचारा,
त्याला मधलं कोणी काही सांगितलंच नव्हतं.

पासवर्ड घालायचा तर एकेक अक्षर
दांडीनं ढकलत न्यायचं, अडेल गुरू हाकल्यागत.
आमच्या पासवर्डात एक कासव आहे.
पोलिश कासवाला अक्षरं चार,
त्यातल्या तिघांच्या अंगावर टिंब, रेघ, काट
असं काही ना काही लेणं.
पासवर्डात ते चालत नाही,
म्हणून लिहिलं ओकंबोकं कासव,
ढाल उतरवून ठेवलेलं.
तरी नाही.
तीनदा लिहिलं. तरी नाही.

वरच्या मजल्यावरचा इग्नात्सी आला, वय तेरा, नुसत्या मोज्यांवर.
"पानी लुत्सिनो, तुमच्या राऊटरचं कुलूप नवं आहे.
याच्यासाठी जुनं कुलूप लावून
पाहुण्यांचं वेगळं दार काढू."
पाहुणा? अरे, तुझ्या जन्माआधीपासून
माझ्या घरात राहतोय तो.
"असू दे," म्हणाला, आणि बिस्किटं संपवली.

मग आली यादी, आसपासच्या जाळ्यांची.
माझ्या फोनवर एकतीस नावं दिसतात.
यानं आणली पाच.
"वरच्या लहरी याला ऐकूच येत नाहीत," इग्नात्सी म्हणाला.
माझ्या डाव्या कानाचंही तसंच आहे, पण मी बोलले नाही.

पाच. एक आमचं.
एक तळमजल्यावरच्या बूट शिवणाऱ्याचं.
एक ग्राझिनाचं, जिनं मायक्रोवेव्ह लावला
की अख्ख्या जिन्याच्या पट्ट्या पडतात.
एक नुसते आकडे.
आणि तळाला, एकाच पट्टीवर तग धरून:
सेवेरिन, तिसरा मजला.

सेवेरिन नोव्हेंबरपासून इस्पितळात आहेत.
त्यांची किल्ली माझ्याकडे,
जिरेनियमला पाणी घालायला.
दर गुरुवारी जाते, घालते, कडी लावते, निघते.
कपाटामागे एक हिरवा दिवा जळत असेल
हे ध्यानीमनी नाही.
तीन महिने त्या मिटलेल्या घरातून
कोणीतरी सारखं एकच नाव सांगतंय,
आणि एकतीस जणांच्या गलक्यात
मी आपली वरून खाली, खालून वर.

पावणेसहाला जोडला गेला.
पलीकडे कोणीच नव्हतं.
खेळवणाऱ्यांनी दुकान केव्हाच आवरलेलं.
एक लांबलचक चूक-क्रमांक आला, उत्तरादाखल.
पण कोपऱ्यातलं घड्याळ हललं
आणि एका उडीत
मंगळवार, अठरा फेब्रुवारी, दोन हजार पंचवीस.
टिमेकला सगळे दात आले, दाढी आली,
विमानाचं तिकीट आलं.
मी खुर्चीची पाठ धरली.

"झालं," इग्नात्सी म्हणाला, "आता काय खेळणार?"
मी सपाता शोधत होते.
"आज गुरुवार नाही," तो म्हणाला. सगळं माहीत असतं कार्ट्याला.
नसू दे.

दिवा बंद करायचा की राहू द्यायचा
ते जिना उतरता उतरता ठरेल असं वाटलं होतं.
एकच तर मजला.
नाही ठरलं.
कपाट तसंच ठेवलं, मागे वाकूनही पाहिलं नाही.
जिरेनियमला पुन्हा पाणी घातलं,
जरा जास्तच झालं,
ते बशीतून खिडकीच्या फळीवर आलं
आणि मी बाहीनं पुसत बसले.