पाण्याचा थेंब

बावकर मेस्त्री म्हणाले, आधी थेंब टाकून बघा.
गोल बसला तर लाकूड तृप्त,
जिरला तर तहानलंय.
जिरला.

ऐरोलीत, खाडीकडच्या गच्चीवर
तीन पावसाळ्यांत राखाडी झालेल्या फळ्या.
पॉलिश पेपर फिरवताना
सागाचा वास निघाला,
एका फळीचा निघालाच नाही.
"ही साग नव्हे," मेस्त्री खाली बघत,
"तेव्हा एक कमी पडली होती."

रेषेच्या दिशेनं फडकं ओढायचं.
पितं तेवढंच तेल द्यायचं,
उरलेलं अर्ध्या तासात पुसायचं,
नाहीतर महिनाभर तळव्यांना चिकटतं.

संध्याकाळी सगळ्या फळ्या मधाळ.
ती एक काळीकुट्ट,
जास्त प्यायलेली.

मेस्त्री बदलून देतो म्हणाले.
राहू दे.
चहाचा कप तिच्यावरच ठेवते,
डाग पडला तरी कळत नाही.