तोंडाशी सैल

नळीवरचा आकडा मला सांगू नकोस, अर्वी.
तो कारखान्यातला.
त्यानंतर दोन युद्धं झाली.

मऊ शिशाचा एक तुकडा
तेल लावून आरपार ठोकून काढ,
दुसरा फक्त तोंडाशी.
मग ये, साच्याचं बोलू.

गुरुवारी आला. कायानीत बर्फ भुरभुरत होतं.
काडेपेटीत कापूस, कापसावर दोन तुकडे,
पोराचे दुधाचे दात आणावेत तसे.

मायक्रोमीटर लावला.
आत घट्ट. तोंडाशी सैल,
चांगलीच सैल.

"फार झाडल्या असतील गोळ्या?"

गोळ्यांची झीज अशी नसते.
कुणीतरी रोज रात्री गज घालून पुसलीय,
पुसलेली पुन्हा पुसलीय,
हात कशात तरी गुंतून राहावेत म्हणून.

सडपातळ, टोकदार साचा त्याच्या मनात भरलेला.
मी जाडा, बोथट पुढे सरकवला:
दिसायला गबाळा, पण हिला हाच भरेल.

"शिसं आहे?"
"बाबांच्या जाळ्याचं. तळ्यावर आता कोण जातंय."

त्यानं साचा उघडला, मिटला,
परत उघडला.
"कोण असेल गं तो?"

मी पावती लिहीत होते.
तारीख चुकली, खोडली,
पुन्हा लिहिली.